हातातली बंदूक कोण काढून घेणार?

३१ जुलै २०२३ची पहाट. जयपूर-मुंबई सेंट्रल सुपरफास्टमध्ये रेल्वे सुरक्षा दलाचं पथक गस्तीवर होतं. त्यातला एक शिपाई म्हणाला, मला बरं वाटत नाही, वलसाडला उतरू द्या. पथकप्रमुख, सहायक उपनिरीक्षक टिकाराम मीणा यांनी समजूत घातली, दोनेक तासच उरलेत, मुंबईला पोचून आराम कर. वरिष्ठांना फोन झाले, नियंत्रण कक्षाला झाले. तिथूनही हेच सांगण्यात आलं. मग एका सहकाऱ्याने त्याची रायफल स्वतःकडे ठेवून घेतली आणि त्याला बर्थवर आडवं केलं. थोड्याच वेळात तो उठून रायफल मागू लागला. सहकारी देईना, तेव्हा त्याचा गळा धरून त्याने रायफल ओढून घेतली. ती सहकाऱ्याची निघाली, म्हणून अदलाबदल झाली. पुढे त्याने सेफ्टी कॅच सरकवलेली त्या सहकाऱ्याला दिसली. त्याने मीणांना सावध केलं. मीणा पुन्हा शांतपणे समजावत राहिले.

सहकाऱ्याच्या फिर्यादीत हा सगळा क्रम नोंदलेला आहे. पाचच्या सुमारास गोळ्या सुटल्या. आधी मीणा पडले. मग वेगवेगळ्या डब्यांतले तीन प्रवासी, तिघेही मुस्लीम. एका मृतदेहाजवळ उभं राहून आरोपी बोलत असल्याचा व्हिडिओ नंतर देशभर फिरला.

आरोपीचं नाव मी लिहीत नाही. मार्च २०१९मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये मशिदींत ५१ माणसं मारली गेली, तेव्हा तिथल्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी मारेकऱ्याचं नाव कधीही उच्चारणार नाही असं संसदेत सांगितलं होतं. अशा लोकांना प्रसिद्धी हवी असते, ती देऊ नये, हा त्यांचा विचार मला पटतो.

त्या दिवसापासून वाद सुरू झाला, आणि तो जगात सगळीकडे होतो तसाच झाला. एक बाजू म्हणाली, माणूस मनोरुग्ण होता. दुसरी म्हणाली, हा द्वेष आहे, आजाराची ढाल पुढे करू नका. आरोपीच्या वैद्यकीय तपासणीत मानसिक आजार आढळला नव्हता, अशा अर्थाचं निवेदन रेल्वेने काढलं आणि नंतर मागे घेतलं. पोलिसांनी खुनासोबत धार्मिक तेढ वाढवण्याचं कलमही लावलं. निकाल न्यायालय देईल. पण या दोन कारणांतून एकच निवडायचं, ही सक्ती मला मान्य नाही. बिघडलेलं मनही आपलं लक्ष्य आजूबाजूच्या बोलण्यातूनच उचलतं. कुणावर राग काढायचा, हे त्याला टीव्हीने, मोबाइलने, चौकातल्या गप्पांनी आधीच सांगून ठेवलेलं असतं.

आणि सगळा दोष आजारावर टाकला की त्याची किंमत भलतेच लोक मोजतात. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या मनोविकार विभागाबाहेर सकाळी रांगेत उभं राहणारी बहुतेक माणसं कुणाला इजा करत नाहीत. 'वेड्याने गोळ्या घातल्या' असे मथळे छापून आले की त्यांच्यातली काही पुन्हा तिथे येतच नाहीत. वर्दीतल्या माणसाची अडचण आणखी वेगळी. मन ठीक नाही असं तोंडातून काढलं तर हत्यार जाईल, बढती अडकेल, सहकारी हसतील. तो गप्प बसतो.

भारतात एका माणसाने एकाच वेळी अनेकांना गोळ्या घातल्याच्या अलीकडच्या काही मोठ्या घटना आठवून पाहा. नोव्हेंबर २०२१, सुकमा, सीआरपीएफचा तळ. मार्च २०२२, अमृतसरजवळ खासा, बीएसएफचा तळ. एप्रिल २०२३, भटिंडा, लष्करी ठाणे. प्रत्येक ठिकाणी चार-चार जवान आपल्याच माणसाच्या गोळ्यांनी गेले. अमेरिकेतल्या शाळकरी मुलाच्या हातात दुकानातून घेतलेली रायफल येते. आपल्याकडे ती सरकारनेच हातात दिलेली असते. शस्त्र कायदा सरकारी नोकराच्या कर्तव्यावरच्या हत्याराला लागू होत नाही. त्यामुळे ते हत्यार कधी काढून घ्यायचं, हे त्या क्षणी हजर असलेल्या वरिष्ठावर येऊन पडतं. मीणांवर ते चालत्या गाडीत, पहाटे येऊन पडलं. त्यांच्या हाताशी समजूत घालण्यापलीकडे काही नव्हतं. आपल्या देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेसमधल्या पथकावर अशी वेळ आली तर त्यांच्या हाताशी काय असेल, हे प्रवाशांनी विचारायला हवं.

नागरिकांच्या बंदुकांचं काय? स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या २०१८च्या अंदाजानुसार अमेरिकेत शंभर माणसांमागे १२० बंदुका आहेत, भारतात पाच. पण आपल्याकडच्या सुमारे ७ कोटी १० लाख बंदुकांपैकी नोंदणी झालेल्या फक्त ९७ लाख. बाकीच्यांत गावठी कट्टे आले. मध्य प्रदेशच्या सीमेवरचं उमर्टी आणि तिथून चोपड्यामार्गे खाली येणारी पिस्तुलं मराठवाड्यातल्या पोलिसांना नवी नाहीत.

परवान्याच्या बंदुका संख्येने कमी आहेत खऱ्या, पण त्या मिरवता येतात. ९ डिसेंबर २०२४ला बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. ती बंदुकीने झाली नाही. त्यांना अपहरण करून अमानुष मारहाणीत संपवलं. तरीही त्यानंतर बीडमधल्या बंदुकांवर महाराष्ट्र बोलू लागला. कारण जिल्ह्यातली दहशत कमरेला लावलेल्या पिस्तुलात लोकांना रोज दिसत होती. हवेत गोळीबार करतानाचे व्हिडिओ समोर आले. जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचं उघड झालं. प्रशासनाने फेरतपासणी केली आणि शंभरावर परवाने रद्द केले. गुन्हे दाखल असलेल्यांकडेही परवाने होते. ते रद्द करायला एका सरपंचाचा जीव का जावा लागला, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

कायदा कमी पडतो असं इथे म्हणता येत नाही. फेब्रुवारी २०१८मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत १७ जण मारले गेले. त्यानंतर त्या राज्याने धोकादायक वाटणाऱ्या माणसाची बंदूक न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेण्याचा कायदा केला. अमेरिकेत अशा कायद्यांवर अजून भांडणं चालू आहेत. आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम १७मध्ये हा अधिकार पहिल्यापासून आहे. सार्वजनिक शांततेसाठी आवश्यक वाटलं, किंवा परवानाधारकाची मनःस्थिती ठीक नसेल, तर परवाना देणारा अधिकारी तो निलंबित किंवा रद्द करू शकतो. आपल्या शहरात तो अधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. लग्नाच्या वरातीत बेपर्वाईने गोळी झाडणं हा २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली, आणि हे मला चुकीचं वाटतं. पाच वर्षांत माणूस कर्जात बुडतो, दारूला लागतो, भावकीत जमिनीचा वाद पेटतो. अर्जासोबत जोडलेलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र मात्र फाइलमध्ये तसंच असतं.

अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने शाळांवरच्या हल्ल्यांचा अभ्यास केला, त्यात एक गोष्ट वारंवार आढळली. बहुतेक हल्लेखोरांनी आधी कुणाला तरी बोलून दाखवलं होतं किंवा त्यांच्या वागण्यातून आजूबाजूच्यांना काळजी वाटली होती. जयपूर-मुंबई गाडीतल्या सहकाऱ्यालाही दिसलंच होतं. आपल्याकडे हे दिसतं ते बायकोला, आईला, शेजाऱ्याला. नवरा रात्री पिऊन पिस्तूल उशाला ठेवतो, हे सांगायला एखादी बाई क्रांती चौक ठाण्यात गेली तर 'घरचं भांडण आहे, मिटवून घ्या' असं ऐकून परत येण्याची भीती तिला वाटते. तिचं म्हणणं परवाना शाखेपर्यंत पोचायला हवं, आणि पोचवणारीचं नाव नवऱ्याला कळता कामा नये.

१९९६मध्ये टास्मानियातल्या पोर्ट आर्थरला ३५ माणसं गेली, तेव्हा ऑस्ट्रेलियाने दोन आठवड्यांच्या आत देशभरासाठी कडक करार केला आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. आपल्याला एवढ्या मोठ्या मोहिमेची गरज नाही. निवडणूक आली की छाननी समिती बसते आणि परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा होतात. आचारसंहिता संपली की मालक सही करून ती घेऊन जातो. ती परत देण्याआधी परवानाधारकावर दाखल गुन्हे पुन्हा तपासावेत, नवं वैद्यकीय प्रमाणपत्र घ्यावं आणि बीट अंमलदाराने त्याच्या घरी जाऊन घरच्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलावं. ज्याच्याबद्दल शंका आहे त्याचं हत्यार ठाण्यातच राहावं. यासाठी नवा कायदा लागत नाही; आयुक्त आणि जिल्हाधिकारी यांच्या सहीचा आदेश पुरेसा आहे, आणि तो पुढच्या निवडणुकीच्या आधी निघू शकतो.