केनला ठेवावे की विकावे?

लंडन शहराच्या उत्तर भागात टॉटनहॅम नावाची जुनी वस्ती आहे. तेथील हमरस्त्यावर सामन्याच्या दिवशी दोन-तीन तास आधीपासूनच माणसांची रीघ लागते. आजोबा, बाप आणि नातू एकाच रंगाचे गळपट्टे गुंडाळून मैदानाच्या दिशेने चाललेले दिसतात, आणि रस्त्यालगतच्या पबांतून वादविवादाचा गलका ऐकू येतो. २०२१ च्या उन्हाळ्यापासून २०२३ च्या ऑगस्टपर्यंत त्या गलक्याचा विषय बहुधा एकच असे. टॉटनहॅम हॉटस्पर या क्लबाचा आघाडीचा खेळाडू हॅरी केन राहणार की जाणार, आणि तो गेलाच तर संघाने खेळावे तरी कसे?

एका क्लबातील खेळाडू दुसऱ्या क्लबात गेला, तर त्यात दोन वर्षे भांडण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ही बदली म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. आपल्याकडे बदली म्हटली की मामलेदाराची किंवा पोस्टमास्तरांची बदली डोळ्यांपुढे उभी राहते. वरून हुकूम सुटतो, बिऱ्हाड हलते, आणि गावकरी हारतुरे देऊन मोकळे होतात. फुटबॉलमधील बदलीस विकणारा क्लब, घेणारा क्लब आणि स्वतः खेळाडू या तिघांची संमती लागते. खेळाडू ठरावीक मुदतीच्या कराराने बांधलेला असतो, आणि मुदत संपण्यापूर्वी त्याला न्यावयाचे असेल तर जुन्या क्लबास मोबदला द्यावा लागतो. पूर्वी इंग्लंडात करार संपल्यावरही क्लब खेळाडूस अडवून ठेवू शकत असे. जॉर्ज ईस्टहॅम याने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९६३ साली न्यायालयाने ती पद्धती गैरवाजवी ठरविली. पुढे १९९५ साली बेल्जियममधील जाँ-मार्क बोस्मन या खेळाडूच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने याहून मोठा निकाल दिला. करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातील एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ लागला, तर त्याच्याबद्दल जुन्या क्लबास एक पैही मागता येणार नाही, असा तो निकाल होता.

या निकालाने सारे गणित पालटले. खेळाडूचा करार म्हणजे उन्हात ठेवलेली बर्फाची लादी झाली. पाच वर्षे शिल्लक असता तिला मोल असते, एक वर्ष उरले की घसरण लागते, आणि शेवटच्या दिवशी हाती पाणीही उरत नाही. केनने जून २०१८ मध्ये टॉटनहॅमशी सहा वर्षांचा करार केला होता. म्हणजे २०२४ च्या उन्हाळ्यात तो मोकळा होणार, हे क्लबाचे अध्यक्ष डॅनियल लेव्ही यांना जितके ठाऊक होते तितकेच पबातल्या पाठीराख्यासही ठाऊक होते.

केन हा या लोकांस इतका जिव्हाळ्याचा का होता, हेही समजून घेतले पाहिजे. त्याचा जन्म १९९३ साली टॉटनहॅमपासून फार दूर नसलेल्या वॉल्टमस्टो येथे झाला. लहानपणी आर्सेनल या शेजारच्या वैरी क्लबाने त्याला घेतले आणि अल्पावधीतच सोडून दिले. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास तो टॉटनहॅमच्या शिक्षणशाळेत आला. पुढे चार निरनिराळ्या क्लबांकडे त्याला उसना धाडण्यात आले, आणि तेथे त्याच्याविषयी कोणाचे मत विशेष उत्साहाचे झाले नाही. ज्या मुलाला कोणी हिरा म्हटले नाही तो आपल्याच अंगणात हिरा निघाला, ही गोष्ट लोकांस फार भावली.

याला एक जुनी जखमही कारण होती. २०१३ साली गॅरेथ बेल हा टॉटनहॅमचा सर्वोत्तम खेळाडू रेआल माद्रिदने त्या काळच्या विक्रमी किंमतीस नेला. त्या पैशाच्या भरवशावर क्लबाने एका उन्हाळ्यात सात नवे खेळाडू आणले. एकाच्या बदल्यात सात, हा सौदा कागदावर भरघोस दिसला. पण एरिक्सन सोडला तर त्या सातांपैकी कोणीही किंमतीस पुरेपूर उतरला, असे म्हणवत नाही. गोल करण्यासाठी खास आणलेल्या सोल्दादोवर सुमारे दोन कोटी साठ लक्ष पौंड खर्च झाले, आणि त्याची जागा घेतली ती फुकट मिळालेल्या केनने! म्हणून केनच्या विक्रीची भाषा निघाली की जुने पाठीराखे त्या सातांची नावे बोटांवर मोजून दाखवीत. पैसा आला म्हणजे खेळाडू येतोच असे नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

आता वादाच्या खऱ्या गाभ्याकडे वळले पाहिजे. आघाडीच्या खेळाडूचे परंपरागत काम साधे असते. प्रतिस्पर्ध्याच्या गोलाजवळ दबा धरून राहायचे आणि आलेला चेंडू आत धाडायचा. अशा खेळाडूच्या पाठीवर नऊ आकडा असतो. दहा आकडा असतो तो त्याच्या थोडा मागे राहून डाव रचणाऱ्याच्या पाठीवर. केनच्या पाठीवर दहा होता, पण कामे तो दोन्ही करी. गोलाजवळची जागा सोडून तो मधल्या फळीत उतरे. त्याच्यावर पाळत ठेवणारा बचावपटू बुचकळ्यात पडे. पाठलाग करावा तर आपली जागा रिकामी पडते, न करावा तर केन मोकळा राहतो. तेवढ्यात केन चेंडू घेऊन वळे आणि कोरियाचा वेगवान खेळाडू सॉन ह्युंग-मिन याच्या पुढ्यात लांब पास टाकी. सप्टेंबर २०२० मध्ये साउदॅम्प्टनविरुद्ध सॉनने चार गोल केले, आणि चारही पास केनचे होते. त्या हंगामात प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक गोल (२३) आणि गोलास कारण झालेले सर्वाधिक पास (१४) या दोन्ही याद्यांच्या शिरोभागी केनचेच नाव होते.

यावर एक पक्ष म्हणे की असा माणूस विकणे म्हणजे घराचा मुख्य खांब काढून भाड्याचे पैसे मोजणे होय. दुसरा पक्ष विचारी की खांब एकच असलेले घर बांधलेच कोणी? सर्व डाव एकाच्या पायातून जाऊ लागले की इतरांना स्वतःची बुद्धी चालविण्याचे कारण उरत नाही, आणि केन मागे उतरला की गोलाच्या तोंडाशी कोणीच नसते, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांच्याजवळ पुरावाही होता. २०१९ च्या एप्रिलमध्ये केन दुखापतीने बाहेर पडला. त्यानंतर टॉटनहॅमने चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर सिटीस बाजूला सारले. उपांत्य फेरीत अ‍ॅम्स्टरडॅम येथे आयॅक्सविरुद्ध लुकास मोरा याने उत्तरार्धात तीन गोल करून गेलेला डाव परत आणला. माद्रिदच्या अंतिम सामन्यास मात्र व्यवस्थापक पोचेटिनो यांनी नुकत्याच बऱ्या झालेल्या केनला आरंभापासून उतरविले आणि मोराला बाकावर बसविले. लिव्हरपूलने तो सामना २-० असा जिंकला. मोराला खेळविले असते तर काय झाले असते, हा प्रश्न टॉटनहॅममध्ये आजही एखाद्या शांत संध्याकाळीचा विचका करू शकतो. वस्तुतः एका रात्रीच्या पराक्रमावरून सिद्धांत बांधणे धाडसाचे आहे. पण पाठीराख्यास सिद्धांत रात्रीच सुचतात.

२०२१ च्या मे महिन्यात केनने जाण्याची इच्छा फारशी झाकून ठेवली नाही. वय अठ्ठावीसकडे झुकलेले, क्लबाबरोबर एकही चषक नाही, आणि इकडे मँचेस्टर सिटी दहा कोटी पौंड देऊ पाहत असल्याच्या वार्ता. लेव्हींनी ऐकले नाही. योगायोग असा की १५ ऑगस्टला हंगामाचा पहिलाच सामना टॉटनहॅमच्या मैदानावर सिटीशीच पडला. केन संघात नव्हता. सॉनच्या एकमेव गोलावर टॉटनहॅम जिंकले, आणि ज्या प्रेक्षकांनी केनला घरचा मुलगा म्हणून मिरविले होते त्यांनीच त्या अनुपस्थित मुलाला उद्देशून टोमण्यांचे घोष केले. दहा दिवसांनी केनने आपण राहत असल्याचे जाहीर केले. मन मात्र चटकन परतले नसावे, कारण त्या हंगामातील त्याचा पहिला लीग-गोल ऑक्टोबरच्या मध्यास झाला.

लेव्हींचा हा नकार चुकीचा होता काय? पैशाच्या दृष्टीने त्यात मोठा तोटा झाला नाही, हे पुढे दिसलेच. दोन वर्षे केनचा खेळ मिळाला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच सिटीविरुद्ध २६७ वा गोल करून त्याने जिमी ग्रीव्ह्ज यांचा क्लबातील विक्रम मागे टाकला. पण चषक एकही आला नाही. त्या हंगामात केनने लीगमध्ये ३० गोल केले आणि तरी संघ आठवा आला. दोन्ही पक्षांनी हाच आकडा आपापल्या बाजूने वापरला. एक म्हणे, केन नसता तर आपण कोठे असतो? दुसरा म्हणे, केन असूनही आपण येथेच ना?

आता बर्फाची लादी एका वर्षापुरती उरली होती. शिवाय जमाखर्चाची एक खुबी अशी की विकत आणलेल्या खेळाडूची किंमत वहीत कराराच्या वर्षांवर विभागून मांडतात, पण स्वतःच्या शाळेत तयार झालेल्याची खरेदी-किंमत शून्य असल्यामुळे त्याच्या विक्रीची सगळी रक्कम नफा धरली जाते. घरचा मुलगाच हिशेबनिसाला सर्वांत फायदेशीर ठरावा, यात काही क्रूरता आहे खरी. बायर्न म्युनिकचा गोल करणारा लेवांडोव्स्की २०२२ मध्येच बार्सिलोनाला गेला होता आणि ती जागा भरून निघाली नव्हती. १२ ऑगस्ट २०२३ रोजी बायर्नने दहा कोटी युरोंहून अधिक किंमतीस केनला घेतल्याचे जाहीर केले.

नवे व्यवस्थापक अँज पोस्टेकोग्लू यांचा खेळ अगदीच निराळा होता. त्यांची बचावफळी मैदानाच्या मध्यरेषेपर्यंत पुढे सरके. त्यामुळे ऑफसाइडच्या नियमाने प्रतिस्पर्धी कोंडला जाई. मात्र एखादा पास निसटला की मागे निम्मे मैदान मोकळे! सॉन कर्णधार झाला आणि मध्यभागी आघाडीवर खेळू लागला. पहिल्या दहा सामन्यांत आठ विजय व दोन बरोबरी, २६ गुण आणि अग्रस्थान. खांबाचा सिद्धांत मांडणाऱ्यांची त्या दिवसांत बोलती बंद झाली. नोव्हेंबरात चेल्सीविरुद्ध टॉटनहॅमचे दोन खेळाडू बाहेर काढले गेले, तरीही उरलेल्या नऊजणांनी ती पुढे सरकलेली फळी सोडली नाही आणि १-४ असा पराभव पत्करला. प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्या शौर्याला होत्या की वेडाला, हे ठरविणे कठीण आहे. वर्षअखेर संघ पाचवा आला. केनसह ७० गोल झाले होते, केनविना ७४ झाले.

तेवढ्यावर प्रश्न सुटला असे मानणारे घाईचे ठरले. पुढल्या हंगामात दुखापतींनी संघ पोखरला, २२ सामने हरला आणि वीस संघांत सतरावा आला; त्याखालचे तीन संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात. सामना हातचा निसटत असताना मागे उतरून, चेंडू धरून, साऱ्यांना धीर देणारा माणूस अशा वेळीच आठवतो. गोल इतरांत वाटून घेता येतात, ही वृत्ती वाटता येत नाही. याबाबतीत ठेवा म्हणणाऱ्यांचे मत अधिक खोल होते, असे म्हणावे लागते.

आणि तरीही त्याच हंगामात, २१ मे २०२५ रोजी, बिल्बाओ येथे मँचेस्टर युनायटेडला १-० असे हरवून टॉटनहॅमने युरोपा लीग जिंकली. सतरा वर्षांनी लाभलेला तो पहिला चषक होता. गोल झाल्यावर बहुतेक वेळ संघ आपल्याच गोलापुढे भिंत बांधून उभा होता. पुढे सरकणाऱ्या फळीचे तत्त्वज्ञान त्या रात्री गुंडाळून ठेवलेले होते. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच पोस्टेकोग्लूंना निरोप देण्यात आला. केनच्या पहिल्या जर्मन हंगामात, ३६ लीग-गोल करूनही, सतत अकरा वर्षे विजेतेपद मिळविणाऱ्या बायर्नचे ते पद हुकले होते. २०२५ च्या त्याच मे महिन्यात त्यालाही अखेर लीगचे विजेतेपद लाभले.

विक्रीनंतर महिनाभराने, सप्टेंबर २०२३ मध्ये, लेव्हींना चाहत्यांच्या सभेत विचारण्यात आले होते की केनला परत घेण्याविषयी करारात काही तरतूद आहे काय. आहे, असे ते म्हणाले. एवढ्या एका शब्दावर टॉटनहॅमच्या हमरस्त्यावरचा वाद पुन्हा सुरू झाला. या वेळी प्रश्न असा की तो परत आला, आणि पाय थोडे मंदावले असले, तर त्याला नवाच्या जागी खेळवावे की दहाच्या?