रियोकान : पाहुण्यानंही पाळायची पथ्यं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चिंचोळी एमआयडीसीत आमचं काम टॉवेलचं. सूत येतं, माग चालतात, कापड धुऊन-वाळवून शिवणीला जातं आणि खोकी भरून ट्रक पुण्याच्या रस्त्याला लागतो. या धंद्यात निम्मं आयुष्य गेलं. टॉवेल कसा वापरावा, हे आपल्याला कुणी शिकवेल असं कधी वाटलं नव्हतं. ते मला जपानमधल्या एका सराईनं शिकवलं.

जपानच्या शिकोकू बेटावर एहिमे प्रांतात इमाबारी नावाचं गाव आहे. आपलं सोलापूर तसं ते. टॉवेल म्हटलं की जपानी माणसाला इमाबारी आठवतं. तिथं १८९४ साली टॉवेल विणायला सुरुवात झाली. पुढे स्वस्त आयात मालानं धंदा बसत चालला, तेव्हा २००६ मध्ये तिथल्या कारखानदारांनी एकत्र येऊन सगळ्यांसाठी एकच खूण आणि एकच कसोटी ठरवली. टॉवेलचा तुकडा पाण्यावर ठेवला की पाच सेकंदांच्या आत बुडायला लागला पाहिजे. तरच ती खूण लावायची. हे सारं पाहायला मी गेलो होतो. सौ. बरोबर होती. काम आटोपल्यावर जवळच्या मात्सुयामा शहरात, दोगो या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या भागात, आम्ही एका रियोकानमध्ये एक रात्र राहिलो.

रियोकान म्हणजे जुन्या पद्धतीची जपानी सराई. आपल्याकडची इंजिनिअर मंडळी कामानिमित्त जपानला जातात, तेव्हा कंपनी त्यांची सोय स्टेशनजवळच्या हॉटेलात करते. तिथली खोली जगात कुठंही असते तशीच. रियोकानमध्ये राहायचं तर मात्र काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या.

पहिली गोष्ट भाड्याची. ते खोलीचं नसतं, माणशी असतं. त्यात बहुधा रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असते. मध्यम प्रतीच्या ठिकाणी माणशी पंधरा ते तीस हजार येन सहज होतात. आकडा खोलीचा समजून गेलेला माणूस हिशेबाच्या वेळी गडबडतो. गरम झऱ्याच्या गावात वर थोडा स्नानकर द्यावा लागतो. तो साधारण दीडशे येन असतो. बक्षिसी मात्र द्यावी लागत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. दुपारी तीनच्या सुमाराला खोली मिळते, सकाळी दहाला सोडायची. रात्री नऊला पोचून चालत नाही, कारण जेवण सहा-सातला असतं आणि ते तुमच्यासाठी, तुमच्या संख्येनुसार रांधलेलं असतं. ऐन वेळी येणं रद्द करणं म्हणजे लग्नघरी जेवायला येतो म्हणून न जाणं.

चपला कुठं काढायच्या

दारात पायरी असते. बूट तिथंच काढायचे आणि ठेवलेल्या सपाता घालायच्या. हे आपल्याला नवीन नाही. पण खोलीच्या दारात सपाताही काढायच्या, कारण आत तातामी असते. तातामी म्हणजे भाताच्या पेंढ्यावर किंवा तशाच भरावावर लव्हाळ्याची विणलेली जाड चटई. साधारण सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद. खोलीचं मापही त्यावरूनच सांगतात. सहा तातामींची खोली, आठ तातामींची खोली. त्यावर अनवाणी किंवा मोज्यांनी चालायचं. चाकांची बॅग तिच्यावरून ओढायची नाही, उचलून न्यायची. संडासाच्या सपाता निराळ्या, त्या तिथंच राहतात. मी त्याच घालून खोलीपर्यंत आलो. वाढायला आलेल्या बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी सपाता हलकेच उचलल्या, जागच्या जागी नेऊन ठेवल्या. त्यांनी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं.

खोलीत एक ठेंगणं मेज, बसायला गाद्या आणि भिंतीत एक रिकामी जागा. तिला तोकोनोमा म्हणतात. तिथं एक लांबट चित्र किंवा सुलेखन टांगलेलं आणि खाली ऋतूतली दोन-चार फुलं. ती जागा मोकळी दिसली म्हणून बॅग तिथं ठेवायची नाही. आपण देवघराच्या ओट्यावर बॅग ठेवत नाही, तसंच.

पलंग कुठंच दिसत नाही. तो नसतोच. संध्याकाळी तुम्ही जेवत असता तेव्हा भिंतीतल्या कपाटातून गाद्या निघतात आणि तातामीवर अंथरल्या जातात. सकाळी पुन्हा आत जातात. दिवसा बैठक आणि रात्री झोपायची खोली, हे आपल्या वाड्यांतही होतंच. एकाच सोप्यावर दिवसा पंगत बसायची आणि रात्री वाकळा पसरायच्या.

खोलीत सुती झगा ठेवलेला असतो. त्याला युकाता म्हणतात. तो घालून जेवायला जाता येतं, झऱ्याच्या गावात तर रस्त्यावरही फिरता येतं. एकच ध्यानात ठेवायचं. झग्याची डावी बाजू उजव्या बाजूच्या वर आली पाहिजे. उलट घातला तर पाहणारे दचकतात, कारण प्रेताला तसा नेसवतात.

टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही

रियोकानचा खरा जीव स्नानात आहे. जपानमध्ये गरम झऱ्याला ओन्सेन म्हणतात आणि त्याचा कायदाच आहे, १९४८ सालचा. उगमाशी पाणी किमान २५ अंश सेल्सिअस असलं किंवा त्यात ठरवून दिलेली खनिजं पुरेशी असली, तरच ते ओन्सेन. आपल्याकडे वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, उनपदेव, उनकेश्वर इथं गरम कुंडं आहेत. त्यामुळे झऱ्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते शिस्तीचं.

पुरुषांचं आणि बायकांचं स्नानगृह वेगळं. दारावर पडदा असतो. काही ठिकाणी रात्री आणि सकाळी पडदे अदलाबदल करतात, म्हणून सकाळी पुन्हा नीट पाहून आत शिरावं. आत सगळे कपडे काढायचे. पोहण्याचा पोशाखही चालत नाही. लाज वाटते, पण कुणी कुणाकडे पाहत नाही हे दोन मिनिटांत कळतं. ज्यांना जमणारच नाही त्यांच्यासाठी काही ठिकाणी घरच्यांपुरतं छोटं कुंड तासाच्या बोलीनं मिळतं. अंगावर गोंदवलेलं असेल तर आधी विचारावं. अनेक ठिकाणी तशा माणसाला कुंडात घेत नाहीत.

आत गेल्यावर थेट पाण्यात उतरायचं नाही. भिंतीकडेला बुटकी स्टुलं आणि नळ असतात. तिथं बसून साबणानं अंग घासायचं आणि फेसाचा कणही राहणार नाही असं धुवायचं. मग कुंडात. कुंड मळ काढायला नसतं, शेकायला असतं. पाणी चाळीस-बेचाळीस अंशांचं, आणि तेच पाणी तुमच्यामागून येणाऱ्यांचंही.

आता टॉवेलची गोष्ट. हातात एक छोटा, पातळ टॉवेल देतात. मी तो घेऊनच पाण्यात उतरलो. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी स्वतःचा टॉवेल डोक्यावर घडी करून ठेवला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसले आणि बोट आपल्या डोक्याकडे नेलं. टॉवेल पाण्यात जाता कामा नये. त्यानं अंग घासलेलं असतं. पाच सेकंदांत बुडणारा टॉवेल जिथं विणतात त्याच प्रांतात, टॉवेल पाण्यात बुडवू नये हे मला, सोलापूरच्या टॉवेलवाल्याला, शिकावं लागलं.

दोगोच्या सार्वजनिक स्नानगृहाची जुनी लाकडी इमारतही १८९४ सालचीच. नात्सुमे सोसेकी यांच्या १९०६ सालच्या ‘बोच्चान’ कादंबरीमुळे ती जपानभर ठाऊक झाली. २०१९ पासून तिची दुरुस्ती चालली होती. पण ती करतानाही स्नानगृह पुरतं बंद ठेवलं नाही, इमारतीचा एकेक भाग दुरुस्त करत गेले. जुलै २०२४ मध्ये ती पुन्हा पूर्ण खुली झाली. संध्याकाळी आसपासच्या रियोकानांतून माणसं युकाता घालून, हातात टॉवेल घेऊन तिकडे निघतात. आपल्याकडे पहाटे नदीवर निघत, तसं.

जेवण आणि आमची चूक

रात्रीचं जेवण म्हणजे लहान लहान ताटल्यांची रांग. त्या भागातलं आणि त्या ऋतूतलं जे असेल ते. कच्चे मासे, भाजलेलं, उकडलेलं, तळलेलं. भात, मिसोचं सार आणि लोणचं सगळ्यांत शेवटी येतं. शेवटच्या भाताशिवाय जेवण झाल्यासारखं न वाटणाऱ्या माणसाला हे ओळखीचं वाटेल.

सौ. शाकाहारी. ‘मासे-मटण नको’ एवढं सांगितलं की झालं, असं आम्हाला वाटलं, आणि तेही आम्ही पोचल्यावर सांगितलं. चूक आमची. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी नावाचं पाणी आहे. ते बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचे काप आणि समुद्री शेवाळ यांचं करतात. साध्या दिसणाऱ्या भाजीतही ते असतं. त्या रात्री तिनं भात, टोफू आणि लोणच्यावर भागवलं. स्वयंपाकघरातल्या मंडळींच्या चेहऱ्यावर मात्र आमच्यापेक्षा जास्त खंत होती. शाकाहारी माणसानं खोली ठरवतानाच, माशाचं पाणीही नको, असं स्पष्ट कळवावं. नाहीतर कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध क्षेत्री जावं. तिथं पन्नासहून अधिक मंदिरांत यात्रेकरूंना राहायला मिळतं आणि जेवण भिक्षूंच्या पद्धतीचं, निव्वळ शाकाहारी असतं.

सरपणाचे पैसे

ही पद्धत आली कुठून? यामानाशी प्रांतातलं केइउनकान हे रियोकान इ. स. ७०५ सालचं मानतात. जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद आहे. पण रियोकानला आजचं रूप मुख्यतः सतराव्या शतकापासूनच्या रस्त्यांनी दिलं. एदो, म्हणजे आजचं तोक्यो, ते क्योतो या तोकाइदो मार्गावर ५३ मुक्काम होते. सरदारांसाठी वेगळे वाडे. साध्या प्रवाशासाठी दोन सोयी : एकीत जेवण मिळे, दुसरीत प्रवाशानं शिधा आणायचा, स्वतः रांधायचं आणि फक्त सरपणाचे पैसे द्यायचे. तिचं नावच मुळी ‘लाकडाच्या पैशांची सराई’ अशा अर्थाचं होतं. पहिल्या सोयीतून रियोकान वाढलं. दुसरी म्हणजे सरळ आपली धर्मशाळा.

या प्रवाशांत यात्रेकरू पुष्कळ. इसे इथलं देवस्थान हे त्यांचं पंढरपूर. तिथले ओशी नावाचे पुरोहित गावोगावच्या यजमानांना ताईत आणि पंचांग पोचवत आणि ते यात्रेला आले की आपल्या घरी उतरवून घेत. वाचताना मला पंढरपूरचे क्षेत्रोपाध्ये आठवले. त्यांच्या वह्यांत आपल्या आजोबा-पणजोबांची नावं असतात. जपानी सरकारनं ओशींची पद्धत १८७१ मध्ये बंद केली. आपल्याकडे वह्या अजून आहेत, पण पंढरपूरला जाणारे आता बहुधा लॉजवर किंवा भक्तनिवासात उतरतात.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र नाही. दारात शिस्त असते, तशी कधी परीक्षाही असते. पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना उतरायला जागा मिळत नसे, म्हणून गाडगेबाबांना चोखामेळा धर्मशाळा बांधावी लागली. जपानमध्येही २००३ साली कुमामोतो प्रांतातल्या कुरोकावा या झऱ्याच्या गावी एका हॉटेलनं, कुष्ठरोगातून पूर्ण बऱ्या झालेल्या माणसांना खोल्या नाकारल्या. देशभर संताप झाला, कारवाई झाली आणि पुढच्या वर्षी ते हॉटेल बंद पडलं. चपला दाराबाहेर राहाव्यात, माणूस राहू नये.

आज रियोकान कमी होत आहेत. १९८०च्या सुमाराला जपानात त्यांची संख्या ऐंशी हजारांच्या वर होती. २०१७-१८ पर्यंत ती चाळीस हजारांच्या खाली आली. अशी बरीच ठिकाणं एकेका घराण्याची असतात आणि घरची बाई ते चालवते. तिला ओकामी म्हणतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत उभं राहायचं हे काम पुढच्या पिढीला नको असतं. आपल्याकडच्या मागवाल्यांना हे समजावून सांगायला नको.

लहानपणी आमच्या घरी पायी जाणारे वारकरी रात्रीपुरते उतरत. आजी दारात पाण्याची बादली आणि तांब्या ठेवी. ते पाय धुऊन आत येत. सकाळी आम्ही उठायच्या आत सोपा झाडलेला असे, वाकळा घडी करून ठेवलेल्या असत आणि ते पुढच्या वाटेला लागलेले असत. पाहुणा देव, असं आपण म्हणतो; पण सोपा तो पाहुणाच झाडून जात असे, हे मी विसरून गेलो होतो.

रियोकानमधून निघताना आम्ही झगे घडी करून ठेवले, गाद्या एका बाजूला केल्या. तो छोटा टॉवेल सोबत न्यायला हरकत नाही म्हणाले. तो मी आणला. चिंचोळीत आमच्या कारखान्यातल्या मुलांनी तो हातात घेऊन पाहिला, वजन केलं आणि म्हणाले, साहेब, फारच पातळ आहे. खरं आहे. पण तो डोक्यावर ठेवायचा असतो, हे मी त्यांना सांगितलं.