जुनी मोटारसायकल, महामार्ग आणि पेट्रोलचा हिशेब

"सर, तुमची ही उंच फटफटी लिटरला किती ॲव्हरेज देते?" असा प्रश्न एका पालकांनीं मला शाळेच्या फाटकाशीं विचारला. त्यांचा मुलगा आमच्या शाळेंतून बाहेर पडून कराडास महाविद्यालयांत जाऊं लागला होता. नुकतींच त्याला अठरा वर्षें पूर्ण झालीं होतीं, आणि त्याच्यासाठीं माझ्यासारखीच एक सेकंडहँड मोटारसायकल घ्यावी असें त्यांच्या मनांत होतें. मीं त्या वेळीं एक आंकडा सांगून मोकळा झालों. परंतु घरीं आल्यावर वाटलें कीं, उत्तर अपुरें राहिलें. एका लिटरांत किती किलोमीटर जावयाचें, हें गाडी एकटी ठरवीत नाहीं; तिच्यावर बसणाराही तें ठरवीत असतो. तें कसें, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

या जातीच्या गाडीस 'ड्युअल-स्पोर्ट' म्हणतात. डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोहोंवर चालणारी, असा त्याचा अर्थ. यामाहा कंपनीनें १९६८ सालीं अमेरिकेंत विकावयास आणलेल्या 'डीटी-१' या २५० सी.सी.च्या गाडीपासून या प्रकाराचा विशेष प्रसार झाला. आपल्याकडे हीरोची 'इंपल्स' २०११ मध्यें, रॉयल एन्फील्डची 'हिमालयन' २०१६ मध्यें आणि हीरोचीच 'एक्सपल्स २००' ही २०१९ मध्यें आली. पुढचें चाक मोठें (शेवटच्या दोहोंचें तें २१ इंचांचें आहे), बैठक उंच, हँडल रुंद आणि खड्ड्यांचे धक्के सोसणारें लांब सस्पेन्शन, हीं तिचीं लक्षणें होत.

माझें घर धोम धरणाच्या बाजूस आहे. तेथून वाईकडे येणाऱ्या वाटेचा कांहीं भाग पावसाळ्यांत निव्वळ चिखल असतो. वाईपासून पाचवडपर्यंत साधा रस्ता, आणि पाचवडपासून साताऱ्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८. एकाच सकाळीं बैलगाडीची वाट आणि भरधाव मोटारींचा रस्ता असे दोन्ही प्रवास ज्यास करावयाचे आहेत, त्यास अशी गाडी सोयीची पडते.

परंतु चिखलांत जो गुण, तोच महामार्गावर दोष ठरतो. उंच बैठकीवर ताठ बसलेला व रुंद हँडल धरून छाती पुढें केलेला मनुष्य म्हणजे हवेच्या दृष्टीनें एक उभी फळीच होय. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, हा नियम विद्यार्थ्यांनीं येथें लक्षांत घ्यावा. ताशीं ६० किलोमीटर वेगास होणारा विरोध १०० मानला, तर ८० च्या वेगास तो सुमारें १७८ आणि १०० च्या वेगास सुमारें २७८ होतो. हवेशीं झगडण्यास लागणारी शक्ति तर वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे १०० च्या वेगास ती ६० च्या वेळेच्या साडेचार पटींहूनही अधिक लागते. शिवाय समोरून ताशीं २० किलोमीटरचा वारा असेल, तर आपला काटा ६० वर असतांही हवा आपल्याकडून ८० चाच विरोध वसूल करते.

म्हणून ८० च्या वेगास पेट्रोलही पावणेदोन पट लागतें, असें मात्र कोणी समजूं नये. टायरचें रस्त्याशीं व इंजिनाच्या भागांचें एकमेकांशीं होणारें घर्षण वेगळेंच आहे. आणि जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेपैकीं सुमारें चौथा हिस्साच कामीं येतो, बाकीची वायां जाते. तथापि टाकीला जाणवेल इतकी वाढ खास होते. उलटपक्षीं फार हळू जाऊन वरच्या गिअरमध्यें इंजिन कण्हत ठेवणें हीही काटकसर नव्हे. दोनशे सी.सी.च्या अशा गाडीस वरच्या गिअरमध्यें ५० ते ६० चा एकसारखा वेग मानवतो. 'एकसारखा' हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण प्रत्येक वेळीं जोरानें ब्रेक दाबला, कीं पेट्रोल जाळून मिळविलेला वेग आपण ब्रेकच्या उष्णतेंत फुंकून टाकीत असतों.

आतां लाभहानि पाहूं. चाळीस किलोमीटरचें अंतर ६० च्या वेगानें ४० मिनिटांत आणि ८० च्या वेगानें ३० मिनिटांत तुटतें. म्हणजे बचत दहा मिनिटांची. समजा, रोजचा जाण्यायेण्याचा प्रवास ९० किलोमीटर आणि महिन्याचे दिवस २५ धरले, तर एकूण २,२५० किलोमीटर झाले. लिटरमागें ४० किलोमीटर पडले तर ५६ लिटरांहून थोडें अधिक, आणि ३५ पडले तर ६४ लिटरांहून थोडें अधिक पेट्रोल लागेल. हा आठ लिटरांचा फरक, लिटरला १०० रुपये धरल्यास, महिन्यास ८०० रुपये होतो. विद्यार्थ्याच्या घरीं ही रक्कम लहान नाहीं.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यानें रंगावर न जातां पुढील गोष्टी पाहाव्या. गाडी स्टँडवर घेऊन चाक हातानें फिरवावें. तें लगेच अडलें तर ब्रेक घासत आहे किंवा बेअरिंग खराब झालें आहे, असें समजावें. चेन सैल, गंजलेली किंवा स्प्रॉकेटचे दांते वांकडे झालेले असतील, तर इंजिनाची शक्ति तेथेंच खर्च होते. चढणीसाठीं कांहीं लोक पुढचें स्प्रॉकेट एका दांत्यानें लहान बसवितात. चौदा दांत्यांचें काढून तेरांचें बसविलें, तर त्याच वेगास इंजिनाचे फेरे सुमारें आठ टक्के वाढतात, व महामार्गावर तें रोज महागांत पडतें. कच्च्या वाटेवर चाललेल्या गाडीचा एअर फिल्टर धुळीनें भरलेला असतो. तो उघडून पाहावा. टायर मोठ्या गोट्यांचे असतील तर तेही पेट्रोल खातात; आणि चिखलासाठीं कमी केलेली हवा डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वीं पुन्हां भरलीच पाहिजे. मालकी बदलण्यासाठीं २९ व ३० क्रमांकांचे फॉर्म भरावे, आर.सी. आपल्या नांवावर करून घ्यावी, आणि विमाही चौदा दिवसांच्या आंत आपल्या नांवावर करण्यास कळवावें.

ॲव्हरेज काढण्याची खरी रीत सोपी आहे. टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आंकडा वहींत लिहावा. दोनतीनशें किलोमीटर गेल्यावर त्याच पंपावर, तितक्याच खुणेपर्यंत, पुन्हां भरावी. गेलेल्या अंतरास भरलेल्या लिटरांनीं भागावें. ३७८ किलोमीटरांस ९ लिटर लागले, तर भागाकार ४२. एका टाकीवरून निर्णय करूं नये; चार टाक्यांची सरासरी घ्यावी. टायर बदललेले असल्यास गाडीचें मापही चुकतें. तें महामार्गाच्या किलोमीटरच्या दगडांशीं ताडून पाहावें.

इतका वेळ पैशाचा विचार झाला. परंतु त्या पालकांना सांगावयाची राहिलेली गोष्ट याहून मोठी आहे. गेल्या हिवाळ्यांत ऊसगाळपाच्या दिवसांत, संध्याकाळीं घरीं जातांना, महामार्गावर उसानें भरलेली एक ट्रॉली माझ्यापुढें उभी दिसली. तिला मागें दिवा नव्हता. त्या आठवड्यांत मी वहींतला आंकडा वाढविण्याच्या नादांत होतों, म्हणून काटा ६० च्या खालीं होता. माझी गाडी ट्रॉलीपासून दोन हातांवर थांबली. कांहीं वेळ माझे पाय थरथरत होते.

दुसऱ्या दिवशीं दहावीच्या वर्गांत मीं फळ्यावर हिशेब मांडला. भानावर येण्यास एक सेकंद, आणि कोरड्या रस्त्यावर दर सेकंदास सहा मीटर प्रतिसेकंद इतका वेग कमी करणारा ब्रेक, असें धरलें तर ६० च्या वेगास गाडी सुमारें ४० मीटरांत थांबते, ८० च्या वेगास ६३ मीटरांत, आणि १०० च्या वेगास ९२ मीटरांत. गतिमान वस्तूची ऊर्जाही वेगाच्या वर्गाच्याच प्रमाणांत वाढते. जो नियम टाकी रिकामी करतो, तोच नियम थांबण्याचें अंतर वाढवितो. तेव्हां महामार्गावर काटकसर आणि सावधपणा हे दोन निराळे गुण नाहींत. एकाचा अभ्यास केला, कीं दुसरा आपोआप अंगीं येतो.

हा सर्व मजकूर मीं पुढें त्या पालकांना सांगितला. त्यांनीं गाडी घेतली. पण तिच्याबरोबर मुलासाठीं एक चांगलें हेल्मेट आणि एक लहान वहीही घेतली. मुलगा मधून मधून शाळेंत येतो, तेव्हां ती वही मला दाखवितो. आंकडे चांगले आहेत. मी ते पाहतों, तेव्हां माझें लक्ष पेट्रोलकडे फारसें नसतें. त्या आंकड्यांवरून तो किती वेगानें गेला असेल, हें मला कळतें.