मुंबई विधिमंडळातील बाबासाहेब : नामंजूर विधेयकांची कहाणी

संविधान दिनाच्या आदल्या दिवशी मी नववीच्या वर्गात दरवर्षी एक प्रश्न विचारतो : बाबासाहेब आमदार होते काय? मुलांना महाडचे चवदार तळे माहीत असते, काळाराम मंदिर माहीत असते, पुणे करार, घटना समिती आणि दीक्षाभूमीही माहीत असते. या प्रश्नावर मात्र वर्ग गप्प होतो. दोष मुलांचा नाही. आपण वडीलधारी मंडळीही जयंतीच्या भाषणात महाडहून थेट गोलमेज परिषदेत जातो आणि तेथून संविधानाकडे वळतो. मधल्या काळात बाबासाहेब मुंबई इलाख्याच्या विधिमंडळात बसत होते, अंदाजपत्रकातील आकडे तपासत होते, विधेयके मांडत होते आणि बहुतेक वेळा पराभूत होत होते. महाराष्ट्र शासनाने 1982 साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात या कामाची नोंद आहे. हा खंड आपल्याकडे कपाटात असतो. वाचला फार कमी जातो.

गव्हर्नरने नेमलेले सदस्य म्हणून त्यांनी 18 फेब्रुवारी 1927 रोजी शपथ घेतली. त्या सभागृहाशी आपल्या चळवळीचा संबंध आधीच जुळलेला होता. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा सीताराम केशव बोले यांचा ठराव 4 ऑगस्ट 1923 रोजी तेथेच संमत झाला होता. महाडचा सत्याग्रह म्हणजे त्या कागदावरच्या ठरावाची प्रत्यक्ष अंमलबजावणी होती. तारखा जोडून पाहिल्या की एक गोष्ट ध्यानात येते. 24 फेब्रुवारीला बाबासाहेबांनी अंदाजपत्रकावर भाषण केले, 12 मार्चला शिक्षणाच्या अनुदानावर, आणि 20 मार्चला ते चवदार तळ्यावर होते. सभागृह आणि तळे ही त्यांच्या लेखी दोन वेगळी कामे नव्हती.

अंदाजपत्रकावरील त्या पहिल्या भाषणात त्यांनी जमीन महसुलावर बोट ठेवले. ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असलेल्या व्यापाऱ्याला प्राप्तिकर लागत नाही. शेतकऱ्याला मात्र जमीन कितीही तोकडी असो आणि पीक बुडालेले असो, सारा द्यावाच लागतो. हा कोणता न्याय, असा त्यांचा रोख होता. शिक्षणावरील भाषणात तर त्यांनी सरकारचीच आकडेवारी सरकारपुढे मांडली. इलाख्यात शिक्षणावर दरडोई 14 आणे खर्च होतात आणि दारूवरील करातून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल होतात. जेवढे लोकांकडून दारूपायी घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी. अर्थशास्त्राचा पदवीधर विधिमंडळात बसला की काय घडते, ते या दोन भाषणांत दिसते.

आता विधेयकांकडे वळू. सरकारऐवजी एखाद्या सदस्याने स्वतः आणलेल्या विधेयकास अशासकीय विधेयक म्हणतात. ते मांडण्यास सभागृहाची परवानगी लागते, मग पहिले वाचन होते, त्यानंतर ते प्रवर समितीकडे जाते. समितीत कलमे बदलली जातात आणि पुष्कळदा विधेयक तेथेच गुदमरते. 19 मार्च 1928 रोजी बाबासाहेबांनी मांडलेल्या महार वतन विधेयकाची गत हीच झाली. मूळ कायदा 1874 चा. वतनदार महाराने सरकारची आणि गावाची चाकरी चोवीस तास करायची. तो घरी नसला तर बापाने किंवा भावाने करायची. मोबदला म्हणजे इनामाचा तुकडा, गावकऱ्यांनी दिले तर बलुते, आणि नाममात्र रोख रक्कम. बाबासाहेबांचे म्हणणे असे की, ज्याला चाकरीतून मोकळे व्हायचे आहे त्याला होऊ द्या. पूर्ण सारा घेऊन जमीन त्याच्याकडेच ठेवा. आणि जे चाकरीत राहतील त्यांच्या बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करून ती सरकारमार्फत द्या, म्हणजे त्यांना दारोदार हात पसरावा लागणार नाही. 3 ऑगस्ट 1928 रोजी त्यांनी सविस्तर भाषण केले. विधेयक प्रवर समितीकडे गेले आणि अखेर त्यांना ते मागे घ्यावे लागले. सभागृहात जमीनदार, व्यापारी आणि सरकारी अधिकारी. आपल्या बाजूचे म्हणावे असे स्वतः बाबासाहेब आणि डॉ. पी. जी. सोळंकी. संख्येचे हे गणित विसरून त्या पराभवाचे मोजमाप करता येत नाही.

सारेच मात्र वाया गेले असे नाही. डॉ. सोळंकी यांच्या ठरावातून 1928 मध्ये स्टार्ट समिती नेमली गेली. बाबासाहेब तिचे सदस्य होते आणि मार्च 1930 मध्ये तिचा अहवाल आला. अस्पृश्य व आदिवासी मुलांना शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे द्यावीत, ही गोष्ट त्यात सरकारी कागदावर शिफारस म्हणून आली. बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह 1925 मध्येच सुरू केले होते. पण ते वर्गणीवर चालत होते. वसतिगृहाचे जेवण ही सरकारी तिजोरीची जबाबदारी आहे, हे विधिमंडळात मांडावे लागले. आपल्या निवासी शाळेतून शिकून गेलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

1937 च्या निवडणुकीनंतर चित्र बदलले. बाबासाहेब आता नेमलेले नव्हते, निवडून आलेले होते. मुंबईच्या गिरणगावातून त्यांनी काँग्रेसचे उमेदवार, नामांकित क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांचा पराभव केला, आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या 17 उमेदवारांपैकी बहुतेक विजयी झाले. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी खोती पद्धती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणातला खोत सरकारला ठरलेला महसूल देई आणि कुळांकडून वाटेल तेवढे वसूल करी. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप 1933 पासून चालूच होता. ती कुळे प्रामुख्याने आगरी आणि कुणबी होती, हे मुद्दाम सांगतो. कारण बाबासाहेबांना एका जातीचे पुढारी ठरवणाऱ्यांची आजही कमतरता नाही. सरकारने विधेयक पुढे सरकू दिले नाही. तेव्हा 10 जानेवारी 1938 रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्याच वर्षी संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकास त्यांनी सभागृहात कडाडून विरोध केला. काम थांबवणे हा फार तर कराराचा भंग. त्याला गुन्हा ठरवून शिक्षा देणे म्हणजे मजुराला गुलाम करणे, असा त्यांचा युक्तिवाद होता. 7 नोव्हेंबरला एक दिवसाचा संप झाला. विधेयकाचा तरीही कायदा झाला.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या पराभवांच्या पुढच्या तारखा महत्त्वाच्या वाटतात. खोती निर्मूलनाचा कायदा झाला 1949 मध्ये, विधेयकानंतर 12 वर्षांनी. महार वतनासह कनिष्ठ ग्राम वतने रद्द करणारा कायदा झाला 1958 मध्ये, विधेयकानंतर 30 वर्षांनी. तोवर बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन दोन वर्षे झाली होती. माझ्या आजोबांनी टपाल पोहोचवण्यात आणि अंमलदारांच्या घोड्यांमागे धावण्यात उमेद घालवली ती त्या 30 वर्षांतच. कायद्यानंतर साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरून त्यांनी तीच जमीन पुन्हा आपल्या नावावर करून घेतली. त्या पावतीचा पिवळा पडलेला कागद वडिलांनी ट्रंकेत जपून ठेवला होता, तो आता माझ्याकडे आहे. सातबारावर त्या जमिनीपुढे आजही ‘भोगवटादार वर्ग 2’ असेच लिहिलेले आहे.