दिवसाला ८,४३,७५० दवंड्या

राउटर भिंतीवर लागला, दिवा हिरवा झाला, मोबाईलवर नाव दिसलं की वायफायवाला पोरगा पैसे घेऊन पुढच्या बिल्डिंगकडे निघतो. राउटरचं काम मात्र तेव्हाच सुरू होतं. घरात कुणी असो वा नसो, तो दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक दवंडी पिटतो: मी इथे आहे, माझं नाव अमुक, चॅनल तमुक, आत यायला पासवर्ड लागेल. या दवंडीला बीकन म्हणतात. सेकंदाला दहाला थोड्या कमी, दिवसाला बरोबर ८,४३,७५०. दिवाळीत तुम्ही आठ दिवस गावी गेलात आणि राउटर बंद करायला विसरलात, तर पुण्याच्या वाघोलीतल्या त्या कुलूपबंद फ्लॅटमध्ये साडेसदुसष्ट लाख दवंड्या पिटल्या जातात, ऐकणारं माणूस नसताना.

ही दवंडी ज्या लहरीवर स्वार होते तिच्या हेलकाव्यांचा वेगही तसाच अचाट. चॅनल ६ म्हणजे २,४३७ मेगाहर्ट्झ. एका सेकंदात २४३ कोटी ७० लाख हेलकावे. एका लहरीची लांबी साधारण सव्वाबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत. आणि एवढ्या धामधुमीमागची ताकद किती? घरगुती राउटरची साधारण १०० मिलिवॅट. स्वयंपाकघरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब याच्या नव्वदपट खातो.

पलीकडच्या खोलीतल्या मोबाईलपर्यंत यातलं काय पोचतं? सिग्नल मोजणारं एखादं ॲप उघडलंत तर उणे ७० डीबीएमसारखा आकडा दिसेल. तो उणे असल्याने बिघाड वाटतो, पण तो चांगला आकडा आहे. त्याचा अर्थ असा की निघालेल्या ताकदीचा शंभर कोटीवा भाग हातात पडला. एवढ्यावर व्हिडिओ कॉल चालतो. आकडा उणे ८० झाला की त्याचाही दहावा भाग, उणे ९० ला शंभरावा. तिथे मात्र चेहरे गोठू लागतात.

इतक्या क्षीण लहरी भिंतींवर आपटून, प्रतिध्वनींच्या गर्दीतून ओळखायच्या कशा? या प्रश्नाचं एक महत्त्वाचं उत्तर खगोलशास्त्रातून आलं. ऑस्ट्रेलियाचे जॉन ओसुलिव्हन हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ फुटणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे संकेत शोधत होते. ते काही सापडले नाहीत. पण विस्कटलेला संकेत सावरण्याचा तो अनुभव पुढे खोलीतल्या प्रतिध्वनींवर मात करायला कामी आला, आणि त्यांच्या गटाला १९९६ साली अमेरिकी पेटंट मिळालं. आपल्याच जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद आणि आसपासच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आकाशाकडे कान लावून बसल्या आहेत. त्या विद्येचं एक दूरचं नातं तुमच्या टीव्हीमागच्या डबीशी आहे.

आता वाघोलीची खास अडचण. हे दगडखाणींचं गाव. ३० जून २०२१ रोजी इतर २२ गावांबरोबर पुणे महापालिकेत आलं, पण त्याआधीपासूनच केसनंद फाटा, बकोरी फाटा, आव्हाळवाडीच्या बाजूला टॉवर चढत होते. नव्या इमारतींत मायवान शटरिंग आलं, म्हणजे विटांऐवजी आतल्या भिंतीसुद्धा सळई घातलेल्या काँक्रीटच्या. बिल्डरला काम झटपट, राउटरला शिक्षा. सिग्नल ३ डेसिबलने घटला की निम्मा उरतो, १० डेसिबलने घटला की दहावा हिस्सा. काँक्रीटची एक जाड भिंत सहज दहाएक डेसिबल खाते. हॉलमधून मधल्या पॅसेजची एक आणि बेडरूमची एक अशा दोन भिंती ओलांडेपर्यंत शंभरातला एक भाग उरतो. मग माणूस ‘प्लॅन वाढवून द्या’ म्हणून फोन करतो. १०० एमबीपीएसचे ३०० केले तरी भिंत तीच आहे.

भिंतीहून वाईट म्हणजे शेजार. २.४ गिगाहर्ट्झवर आपल्याकडे १३ चॅनल आहेत असं दिसतं, पण ते पाच-पाच मेगाहर्ट्झवर मांडलेले आणि प्रत्येकाला लागते वीसची जागा. एकमेकांत न घुसणारे निघतात तीनच: १, ६ आणि ११. समजा अकरा मजले, मजल्यावर चार फ्लॅट. ४४ राउटर, तीन चॅनल. शेजारची विंग धरली तर तुमच्या चॅनलवर वीस राउटर कानावर येणं सहज शक्य आहे. आता दवंडीचा हिशेब करा. जुन्यात जुन्या यंत्रालाही ऐकू जावी म्हणून बहुतेक राउटर ती १९९७ च्या मानकातल्या सगळ्यांत मंद गतीने पिटतात, सेकंदाला १० लाख बिट. ३०० बाइटांची दवंडी म्हणजे २,४०० बिट, म्हणजे २.४ मिलिसेकंद. दवंडीआधीचं घसा खाकरणं धरून २.६. वीस राउटरांचे झाले ५२. दर १०२.४ मिलिसेकंदांतले ५२ नुसते ‘मी इथे आहे’ सांगण्यात गेले. निम्मी हवा अशी संपली आणि अजून कुणी एक फोटोसुद्धा पाठवलेला नाही! राउटरवर ‘गेस्ट’ नावाचं दुसरं नेटवर्क हौसेने चालू ठेवलं असेल तर त्याचीही दवंडी वेगळी.

एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, हा वायफायचा नियम. आधी ऐकायचं, शांतता असेल तर ९ मायक्रोसेकंदांच्या घरांतली काही घरं मनाशी मोजायची, मगच बोलायचं. ५ गिगाहर्ट्झवर प्रत्येक निरोपाची पोच १६ मायक्रोसेकंदांत निघायला हवी. तेवढ्यात प्रकाश ४.८ किलोमीटर जातो. संध्याकाळी सातला नगर रोडवर खराडीकडून येताना तेवढ्या अंतराला काय लागतं, हे वाघोलीकराला सांगायला नको.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: महागडा राउटर घेण्याआधी असलेल्याच्या सेटिंगमध्ये शिरा. जमेल ती सगळी यंत्रं ५ गिगाहर्ट्झवर हलवा. ऑक्टोबर २०१८ पासून भारतात तिथे ६०५ मेगाहर्ट्झ परवान्याविना खुले आहेत, २.४ वर फक्त साडेत्र्याऐंशी. सव्वासात पट अंगण. आणि ती लहर भिंतीपुढे लवकर दमते, हा इथे गुणच आहे, कारण शेजाऱ्याचीही दमते. २.४ वर रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा विषय कधी संपलाच, तर १, ६, ११ मजल्यांप्रमाणे वाटून घ्या.

बेडरूमसाठी जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावणार असाल, तर आधी त्याचं डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम, बंद करा, त्याला पहिल्या राउटरच्या वाटपाबाहेरचा मोकळा पत्ता द्या, आणि कॅट-६ ची वायर लॅनमधून लॅनमध्येच खोचा. ही वायर १०० मीटरपर्यंत चालते, फ्लॅट तेवढा लांब नसतो. डीएचसीपी चालू राहिलं तर एका घरात पत्ते वाटणारे दोघे होतात आणि कधी टीव्ही बंद, कधी मोबाईल. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६, माणसं ८०० कोटींवर. पुरणार कसे? म्हणून १९२.१६८ ने सुरू होणारे तेच ६५,५३६ पत्ते घराघरांत पुन्हा पुन्हा वापरले जातात.

राहिला पासवर्ड. बसवणारा पोरगा सोयीचं म्हणून तुमचा मोबाईल नंबरच टाकून जातो. ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे दहा आकडी नंबर होतात ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो. पण तुमचा फोन राउटरला जोडला जातानाची देवाणघेवाण कुणी पार्किंगमध्ये उभं राहून एकदा टिपली, की पुढचे अंदाज त्याला घरी बसून तपासता येतात. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत प्रत्येक अंदाज ४,०९६ वेळा घुसळावा लागतो, तरी गेमिंगचं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास अंदाज तपासतं. ४०० कोटी संपायला तासाच्या वर सहा-सात मिनिटं. त्याऐवजी लहानमोठी इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांचा कसाही जुळवलेला बारा चिन्हांचा पासवर्ड घ्या. शक्यता ३२ वर वीस शून्यं. त्याच वेगाने सगळ्या तपासायला दहा कोटी वर्षं. वाघोलीच्या खाणीतला काळा दगड लाव्हा थिजून झाला, त्याला साडेसहा कोटीच झाली आहेत.

तेव्हा नंबर असेल तर आजच बदला. नवा लक्षात राहत नसेल तर कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. पार्किंगमधल्या माणसाला तुमचा फ्रिज दिसत नाही.