प्रोटॉनला मापपट्टी कुठून मिळाली?

१६३८ साली छापलेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात गॅलिलिओने दोन हाडांचे चित्र दिले आहे. एक लहान प्राण्याचे आणि दुसरे त्याच्या तिप्पट लांबीचे. दुसरे हाड नुसते लांब नाही, चांगलेच जाडजूड आहे. प्राणी सगळ्या बाजूंनी तिप्पट वाढवला तर त्याचे वजन सत्तावीसपट होते, पण हाडाचा छेद नऊपटच वाढतो. म्हणून मोठ्या प्राण्याला लहान प्राण्याच्या हाडाची मोठी प्रत पुरत नाही, हाडाची घडणच बदलावी लागते. निसर्गात लहान आणि मोठे यांत खरोखरच फरक आहे, हे इतक्या स्पष्टपणे गॅलिलिओनेच प्रथम दाखवले.

हा फरक का आहे? कारण हाड ज्या अणूंचे बनते ते अणू प्राण्याबरोबर मोठे होत नाहीत. हायड्रोजनच्या अणूची त्रिज्या ०.०५३ नॅनोमीटर असते. ती पृथ्वीवर तेवढीच आणि दूरच्या दीर्घिकेतही तेवढीच. ही त्रिज्या ठरवण्यात मोठा वाटा इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाचा आहे. इलेक्ट्रॉन दुप्पट जड असता तर अणू निम्म्या आकाराचा झाला असता. प्रकाशाचा वेग आणि प्लांकचा स्थिरांक हे दोन आकडे हाताशी असले की कोणत्याही वस्तुमानाचे एका लांबीत रूपांतर करता येते. वस्तुमान जितके जास्त, तितकी ती लांबी कमी. म्हणजे ‘वस्तुमान कुठून येते?’ आणि ‘निसर्गाला मापपट्टी कुठून मिळते?’ हे एकाच प्रश्नाचे दोन चेहरे आहेत. पुढचे सगळे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

आता उलट बाजूने पाहू. रिकाम्या अवकाशातल्या प्रकाशाची मॅक्सवेलची समीकरणे घेतली तर त्यांत लांबीचे एकही माप सापडत नाही. एखादी प्रकाशलहर हजारपट ताणली तरी जे मिळते ती तितकीच कायदेशीर प्रकाशलहर असते. क्ष-किरण आणि कित्येक मीटर लांबीच्या रेडिओलहरी एकाच नियमाने चालतात. समीकरणांच्या या गुणाला स्केल सिमेट्री, म्हणजेच मापसममिती म्हणतात: सगळ्या लांब्या आणि सगळे काळ एकाच पटीने वाढवले किंवा घटवले तरी नियम तोच राहतो. समीकरणात वस्तुमान असलेला कण आला, की त्याच्याबरोबर एक ठरावीक लांबीही येते आणि ही सममिती मोडते.

हर्मान वाइल या जर्मन गणितज्ञाला लांबीविषयीच्या या स्वातंत्र्याची मोठी ओढ होती. १९१८ साली त्याने असा सिद्धांत मांडला की कोणत्याही दोन ठिकाणच्या लांब्यांची थेट तुलना होऊच शकत नाही. काठी एका जागेवरून दुसरीकडे नेली तर वाटेत तिचे माप बदलू शकते. आइन्स्टाइनला गणित फार आवडले, पण त्याने लगेच आक्षेप घेतला. तसे असते तर वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या हायड्रोजनच्या अणूंनी वेगवेगळ्या रंगांच्या रेषा दाखवल्या असत्या. प्रत्यक्षात सगळ्यांचा वर्णपट एकच असतो. वाइलची कल्पना पुढे वेगळ्या रूपात आधुनिक कणभौतिकीचा पाया झाली, पण आइन्स्टाइनचा मुद्दा आजही लागू आहे. प्रत्येक अणू आपली मापपट्टी स्वतःबरोबर घेऊन फिरतो.

अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान त्याच्या केंद्रकात असते, म्हणून तिथेच जाऊ. कणांचे वस्तुमान ऊर्जेच्या एककात सांगायची पद्धत आहे. त्या हिशोबाने प्रोटॉनचे वस्तुमान सुमारे ९३८ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. त्यात दोन ‘अप’ आणि एक ‘डाउन’ असे तीन क्वार्क असतात. अपचे वस्तुमान दोनच्या आसपास, डाउनचे पाचच्या आसपास. बेरीज नऊ! ९३८ पैकी फक्त नऊ, म्हणजे जेमतेम एक टक्का. उरलेले कुठून आले?

क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या तीव्र बलाच्या समीकरणात ते सापडेल असे वाटते, पण तिथे कोडे आणखी घट्ट होते. क्वार्कची ही किरकोळ वस्तुमाने शून्य धरली तर त्या समीकरणातही लांबीचे माप उरत नाही. बल वाहून नेणारे ग्लुऑन वस्तुमानहीनच असतात. समीकरण पूर्ण मापसममित आहे, आणि तरीही त्यातून ठरावीक आकाराचा, ठरावीक वस्तुमानाचा प्रोटॉन बाहेर येतो.

याचे उत्तर क्वांटम सिद्धांतात आहे. या सिद्धांतात निर्वात पोकळी कधीच स्वस्थ नसते. क्षेत्रांचे चढउतार तिथे अखंड चालू असतात. त्यामुळे एखाद्या बलाची तीव्रता किती, हे आपण किती जवळून पाहतो यावर अवलंबून राहते. विद्युत्‌बलाच्या बाबतीत दुरून पाहिले तर ती १/१३७ भरते आणि खूप जवळून मोजली तर वाढून सुमारे १/१२८ होते. तीव्र बलाचे वागणे याच्या नेमके उलट आहे, कारण ग्लुऑन स्वतःच त्या बलाचा भार वाहतात. जवळ जावे तसे ते बल क्षीण होते, दूर जावे तसे वाढत जाते. १९७३ साली डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्चेक आणि डेव्हिड पोलित्झर यांनी हे सिद्ध केले. त्याबद्दल २००४ चे नोबेल त्यांना मिळाले. त्याआधीच, १९६०च्या दशकाच्या अखेरीस, स्टॅनफर्डच्या प्रयोगांत प्रोटॉनवर आदळलेले इलेक्ट्रॉन असे विखुरले होते, जणू आतले कण मोकळेच आहेत. ते का, हे आता उमगले.

इथे थोडे अंकगणित करू, कारण गोष्टीचा गाभा त्यातच आहे. प्रोटॉनच्या आकाराच्या शेकडोपट लहान अंतरावर तीव्र बलाची तीव्रता मोजली आहे: ०.११८, म्हणजे साधारण १/८.५. मधल्या टप्प्यात अज्ञात कण नाहीत असे धरून हा हिशोब आणखी आत, प्लांक लांबीपर्यंत, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या स्वतःच्या अतिसूक्ष्म मापापर्यंत नेला, तर तिथे तीव्रता सुमारे १/५० येते. आता तिथून बाहेर निघू. अंतर दहापट केले की या अपूर्णांकाचा छेद अडीचच्या आसपास कमी होतो: ५०, मग ४७.५, मग ४५. एकेक पायरी अगदी संथ. पण विसाव्या पायरीच्या सुमारास छेद संपत येतो, तीव्रता एकच्या घरात पोचते आणि बल क्वार्कना सुटूच देत नाही. प्लांक लांबीच्या वीस पायऱ्या पुढे, म्हणजे १० च्या २० व्या घाताइतक्या पटीने मोठे अंतर कोणते? साधारण १० चा उणे १५ वा घात मीटर. प्रोटॉनचा आकार नेमका याच घरातला आहे.

समीकरणात आपण लांबी घातली नव्हती. घातला होता तो एक निव्वळ आकडा, बलाची तीव्रता. तो आकडा अंतरानुसार सरकतो आणि ज्या अंतरावर तो एकच्या घरात जातो ते अंतरच मापपट्टी बनते. शिवाय गुरुत्वाकर्षणाच्या मापापेक्षा प्रोटॉन इतका प्रचंड हलका का, हेही यातून कळते. सुरुवातीची तीव्रता १/५० ऐवजी १/४० असती तर सोळा पायऱ्यांतच काम झाले असते आणि प्रोटॉन दहा हजारपट जड निघाला असता. आकड्यातला एवढासा फरक, आणि परिणाम एवढा! मला हा विसाव्या शतकातल्या भौतिकीचा सर्वांत देखणा निष्कर्ष वाटतो.

एकदा लांबी ठरली की वस्तुमान मागोमाग येते. क्वार्कला इतक्या लहान जागेत कोंडले तर हायझेनबर्गच्या अनिश्चिततेनुसार त्याची धावपळ वाढते. एकेकाच्या वाट्याला सुमारे दोनशे दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा येते. त्यात ग्लुऑनच्या क्षेत्राची ऊर्जा मिळवायची. कोंडलेली ही सगळी ऊर्जा बाहेरून वस्तुमान म्हणून मोजली जाते. २००८ साली युरोपातल्या एका गटाने अवकाश आणि काळ यांची बारीक जाळी कल्पून महासंगणकावर हे पूर्ण गणित केले आणि प्रोटॉनसह अनेक कणांची वस्तुमाने प्रयोगांशी काही टक्क्यांच्या आत जुळली. सिद्धांताला स्वतःचा ‘मीटर’ माहीत नसल्याने मोजक्या कणांची वस्तुमाने प्रयोगातून घ्यावी लागतात. बाकीची गणितातून निघतात. अशा जाळीवरच्या गणिताची मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही मोठी परंपरा आहे.

मग हिग्ज कणाचे काय? २०१२ साली तो सर्नमध्ये सापडला तेव्हा ‘सगळ्या वस्तुमानाचा उगम मिळाला’ असे सर्रास छापून आले. ते बरोबर नव्हते. आपल्या शरीराच्या वस्तुमानातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग वर सांगितलेल्या कोंडलेल्या ऊर्जेचा आहे. हिग्ज क्षेत्राकडून वस्तुमान मिळते ते इलेक्ट्रॉनला आणि सुट्या क्वार्कना. हा वाटा लहान, पण निर्णायक आहे. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान शून्य असते तर अणूच बनले नसते. डाउन क्वार्क अपपेक्षा जड असल्यामुळेच न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा किंचित जड आहे. तो तसा नसता तर हायड्रोजन टिकला नसता.

खरी अडचण वेगळीच आहे. कणभौतिकीच्या प्रमाणित प्रतिमानात मापसममिती उघडपणे मोडणारी एकच संख्या हाताने घालावी लागते, आणि ती हिग्जच्या वस्तुमानाची. तो कण १२५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचा आहे, पण तेवढाच का, याचे कारण सिद्धांतात नाही. ही संख्याही शून्यापासून सुरू करता येईल का? सिडनी कोलमन आणि एरिक वाइनबर्ग यांनी १९७३ सालीच दाखवले होते, की क्वांटम परिणाम वस्तुमानहीन क्षेत्रातही एक माप उपजवू शकतात. १९९५ मध्ये विल्यम बार्डीन यांनी मापसममितीचा हा धागा हिग्जच्या कोड्याशी पुन्हा जोडला. पण कोलमन आणि वाइनबर्ग यांची युक्ती आहे त्याच कणांवर चालवली तर ती फसते: जड टॉप क्वार्क सगळा तोल बिघडवतो. म्हणून या वाटेने जाणारे सिद्धांत आणखी काही कण मागतात, आणि ते अजून सापडलेले नाहीत.

तरी ही कल्पना तपासता येते. हिग्ज कण स्वतःवरही क्रिया करतो. एकाचे दोन होण्याच्या या क्रियेची तीव्रता प्रमाणित प्रतिमानात ठरलेली आहे. मापसममितीपासून सुरू होणाऱ्या अनेक सिद्धांतांत ती सुमारे पाच-तृतीयांशपट निघते. ती मोजायची तर एकाच टकरीत दोन हिग्ज निर्माण होण्याच्या अतिशय दुर्मीळ घटना पुरेशा संख्येने हव्यात. सर्नच्या महाधडकयंत्राची सध्या चाललेली सुधारणा पूर्ण झाली की टकरींची संख्या कितीतरी पटींनी वाढेल, आणि याच दुर्मीळ घटना मोजणे हे तिच्या मुख्य उद्दिष्टांपैकी एक आहे.