हट्टी बोल्ट आणि यांत्रिक पाना

पनवेलहून रोह्यास जाणाऱ्या लोहमार्गावर आपटा सोडल्यावर जिते हें लहानसें स्थानक लागतें. पेण तालुक्यांतील ह्या भागांत भोंवतालीं भातखाचरें, पश्चिमेस धरमतरची खाडी, आणि जवळूनच मुंबई-गोवा महामार्ग. पावसाळ्यांत येथें सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि खाडीकडचा वारा अंगीं खारेपणा घेऊन येतो. अशा हवेंत एखादा बोल्ट दोन पावसाळे हात न लावतां राहिला, तर पुढें तो पान्यास दाद देत नाहीं. हा अनुभव भातगिरणी चालविणारास, विहिरीवर पंप बसविणारास आणि दारांत मोटार बाळगणाऱ्या गृहस्थास सारखाच येतो.

कारण उघड आहे, तें म्हणजे गंज. परंतु गंज लोखंड नुसतें खातो असें नाहीं; तो मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो. बोल्ट आणि नट ह्यांच्या आट्यांमधील केसाएवढी फट तो भरून काढतो, आणि मग पाचर ठोकावी त्याप्रमाणें दोन्ही जिन्नस एकमेकांस धरून बसतात. अशा वेळीं पान्याच्या दांड्यास लोखंडी नळी घालून सर्व अंगाचा भार देणें हा आपल्याकडील सर्वमान्य उपाय. त्यांतून तीनपैकीं एक गोष्ट घडते: नट सुटतो, त्याचे कोपरे झिजून तो वाटोळा होतो, किंवा बोल्ट तुटून निम्मा आंतच राहतो. पाना सटकून बोटांचीं सालें निघणें हें ह्या तिहींपैकीं कशाच्याहि जोडीला येऊं शकतें!

ह्याच अडचणींतून यांत्रिक पाना निघाला. अमेरिकेंतील इंगरसोल-रँड कंपनीनें तो १९३४ सालीं बाजारांत आणला. आज महामार्गावरील टायरवाल्याकडे तो दाबलेल्या हवेवर चालतो, आणि बॅटरीवर चालणारा घरींहि आणतां येतो. कारागीर त्यास नुसतें 'गन' म्हणतात. पुष्कळांची समजूत अशी कीं, ह्यांत हातापेक्षां दांडगी मोटर आहे, एवढेंच. वस्तुतः आंत एक लहान पण जड हातोडा गोल फिरत असतो. नट अडला कीं हा हातोडा क्षणभर मोकळा सुटतो, वेग घेतो आणि दांड्याच्या बाजूवर आदळतो. असें मिनिटांत हजाराहून अधिक वेळां घडतें. एकसारख्या ओढीनें बोल्ट पिळला जातो. ठोक्यांनीं मात्र गंजाचा थर तडकून त्याचा भुगा होतो. शिवाय प्रत्येक ठोका क्षणिक असल्यामुळें धरणाराच्या मनगटास फारसा हिसका बसत नाहीं.

तरीहि गन लावण्यापूर्वीं आटे तारेच्या ब्रशानें घासून त्यांवर झिरपणारें तेल सोडावें आणि रात्रभर वाट पाहावी. दुसऱ्या दिवशीं नट प्रथम किंचित् आवळण्याच्या दिशेनें हलवावा, मग उलट फिरवावा. आटे उलटे तर नाहींत ना, हेंहि पाहावें. सायकलच्या डाव्या पायडलचे तसे असतात, आणि तेथें जोर करणारा मनुष्य तें अधिकच घट्ट करीत बसतो. गनला काळ्या रंगाची, ठोके सोसणारी गोटीच लावावी. हातपान्याची चकचकीत गोटी कठीण असली तरी ठिसूळ असते, आणि तिची उडालेली कपची डोळ्यांत जाऊं शकते. म्हणून चष्मा हवाच. ज्योतीनें नट तापवून फुगविण्याची युक्ति चांगली आहे, पण ताज्या तेलावर किंवा डिझेलच्या टाकीजवळ ती कदापि करूं नये. स्टेनलेस पोलादाचे आटे मात्र घर्षणानें तापून एकमेकांस चिकटतात. तेथें गन अपकारच करते, सावकाश हातानेंच काम घ्यावें.

आतां आवळण्याविषयीं. येथें आमचें मत ठाम आहे: ज्या गननें सोडविलें तिनेंच शेवटचा आवळा देऊं नये. बोल्ट ही वस्तुतः ताठ स्प्रिंग आहे. आवळला कीं तो किंचित् ताणला जातो, आणि त्या ताणानेंच दोन भाग धरून राहतात. आपण लावलेल्या शंभर भाग जोरांपैकीं सुमारें ५० नटाखालच्या आणि ४० आट्यांमधल्या घर्षणांत जातात. ताणाच्या वांट्यास जेमतेम १० येतात. त्यामुळें आट्यांवर तेल पडलें तर त्याच जोरानें बोल्ट भलताच ताणला जातो. लहान मोटारीच्या चाकाचे नट साधारणतः १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळावयाचे असतात, म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकास दहा किलोंचा भार. मोठी गन ५०० न्यूटन-मीटरहि सहज देते. तिनें आवळलेला बोल्ट त्या दिवशीं तुटत नाहीं. मुलेंबाळें घेऊन घाट उतरतांना तुटतो. म्हणून प्रत्येक नट आधीं बोटांनीं चार फेरे बसवावा, मग समोरासमोरचे नट आळीपाळीनें घ्यावे, आणि शेवटीं जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्यानें आवळावें. ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर पुन्हां तपासावें. टायरवाल्यास हें सांगण्याचा संकोच वाटण्याचें कांहीं कारण नाहीं.

बोल्ट हट्टास पेटूंच नये ह्याची तजवीज रेल्वेनें फार पूर्वीं केली आहे. आतां बहुतेक रूळ वितळवून जोडलेले असतात. परंतु जेथें फिशप्लेटचे सांधे आहेत, तेथें ते वर्षांतून एकदां, बहुधा ऑक्टोबर ते फेब्रुवारी ह्या दिवसांत, उघडून वंगण देण्याचा रेल्वेचा नियम आहे. शंभर सांध्यांस ५ किलो ग्रॅफाइट आणि ३.५ किलो रॉकेल असें लेपाचें प्रमाण. बोल्टांस व नटांस काळें तेल. पंपाच्या वा गिरणीच्या पायाच्या बोल्टांस दिवाळीच्या सुमारास वाटीभर ग्रीस पुरतें.